उत्तर गटाची यादी

हंगामाच्या सुरुवातीला फुटबॉल संघाची ताकद कशी ओळखायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी कोल्हापूरचा आहे, तेवढं पुरे. आमच्याकडे पेठेपेठेत तालमीचे संघ, आणि पहिल्या सामन्याच्या आधी महिनाभर नुसती भांडणं. दहा नंबरची जर्सी कुणाला, पेनल्टी कोण मारणार, जुना गोली ठेवायचा की शेजारच्या पेठेतला फोडून आणायचा. चहाच्या गाड्यावर रोज हमरीतुमरी. ते बघतच मी मोठा झालो आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की सुरुवातीच्या दिवसांत पळणं, नेम, दमसास यातलं काही खरं नसतं. जो संघ आपसात भांडतो तो पुढे टिकतो. ज्यांना कशाचंच काही वाटत नाही ते डिसेंबरपर्यंत गळतात.

हे ज्ञान घेऊन मी कतारला आलो. चौदा वर्षं झाली, अल खोरच्या एका कॅम्पात राहतो आणि एसी दुरुस्त करतो. आमच्या ठेकेदाराकडे अल खोरपासून लुसैलपर्यंतच्या बऱ्याच कामगार कॅम्पांची देखभाल आहे. त्यामुळे कुठल्या कॅम्पात कोण राहतं, कुणाची पाण्याची टाकी गळते आणि कुणाचा गोली घोरतो हे सगळं मला ठाऊक. शुक्रवारी सुट्टी, आणि सप्टेंबर संपता संपता आमची लीग सुरू होते. दोन गट आहेत. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियाकडचा तो दक्षिण गट, आमचा उत्तर गट. आठ संघ, प्रत्येक कॅम्पाचा एक. मैदान समैस्माच्या अलीकडे, समुद्राच्या अंगाला. टँकरने पाणी मारून दाबलेली वाळू, फक्कीच्या रेषा आणि स्कॅफोल्डिंगच्या पाइपांचे गोलपोस्ट.

विश्वचषक उरकून गेला त्याच्या पुढच्या हंगामापासून मी यादी करायला लागलो. पहिल्या सामन्याच्या आधी प्रत्येक संघाचा सराव दोनदा बघायचा आणि आठही संघ ताकदीप्रमाणे एकाखाली एक लिहायचे. कागद आमच्या मेसच्या बोर्डावर लागायचा, लोक त्याचा फोटो काढून सगळ्या कॅम्पांत फिरवायचे आणि मग आठवडाभर मला शिव्या पडायच्या. मल्याळम, नेपाळी, बंगाली, घानाची इंग्रजी; शिव्यांच्या बाबतीत इथे कशाची टंचाई नाही. मला त्या आवडायच्या, खोटं कशाला बोलू.

पहिल्या वर्षी मी आठव्या जागी लुसैलच्या काचवाल्यांना टाकलं. उंच इमारतींच्या काचा पुसणारी माणसं, पळायला हलकी, पण सरावाला नुसती गप्प. जर्सी वाटल्या तर ज्याला जी मिळाली ती त्याने घातली, कुणी हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी ते सामन्याला आले नाहीत. नंतर कळलं, त्यांच्या कंपनीचं काम संपलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या वर्षी आठवे केटरिंगवाले आणि सातवे पाइपलाइनवाले होते. नोव्हेंबरात आधी केटरिंगवाल्यांचा कॅम्प रिकामा झाला, मग पाइपलाइनवाल्यांचा. माझ्या कागदावर होते त्याच क्रमाने, खालून वर.

तेव्हापासून शिव्या थांबल्या. मी मेसमध्ये शिरलो की जेवणारी माणसं मान खाली घालून भात कालवायला लागायची. एका केरळी गोलीने तर मला पार्किंगमध्ये गाठलं. सहा फुटांचा गडी, पण आवाज अगदी बारीक. "भाई, इस साल हमको थोडा ऊपर लिखना," म्हणाला. मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हसला नाही. माझा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला आणि मला पहिल्यांदा कसंतरी झालं.

लीगचे रेफरी म्हणजे आमचे चाचा. मूळचे रत्नागिरीचे, साठीला आलेले, एका कंपनीत स्टोअरकीपर. शिट्टी गळ्यात आणि घड्याळ हातात असलं की त्यांना कुणी सगासोयरा नाही. त्यांना मी विचारलं, "चाचा, तुम्हीपण मानता काय हे?"

"मी काय मानीत नाय रे बाबा," चाचा म्हणाले. "पण तू लिवतोस नि माणसं जातात, हां बघतो मी. नको लिवू. खेळ म्हणजे खेळ, इन्शाल्ला जो जिंकेल तो जिंकेल."

त्यांचं ऐकायला हवं होतं. पण कोल्हापूरकराला नको म्हटलं की त्याला तेच करायचं असतं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे या गेल्या हंगामात, उत्तर गटात स्कॅफोल्डिंगवाले होते. या संघाचे डावे बॅक म्हणजे आमचे दाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे मालक. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण जावई तो जावई. त्यांना मी अहोजाहो करतो, ते मला पावणं म्हणतात. पाच वर्षांपूर्वी मीच त्यांना इकडे आणलं. बहीण कागलला दोन मुलींना घेऊन राहते, थोरली तिसरीत आहे. घरात मिळवणारा हा एकच माणूस. त्यांच्या बाबतीत काही चुकलं तर बहिणीला तोंड मला दाखवायचंय, हे मी कधी विसरत नाही.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी त्यांचा सराव बघायला मी समैस्माला गेलो. त्या दिवसांत समुद्रावरून दमट धुकं येतं. चष्मा पुसून ठेवावा तोवर परत पांढरा. मैदानाच्या कडेला उभा राहिलो तर समोर कुणी दिसेना. फक्त चेंडूला पाय लागल्याचा आवाज. धप्प, थोडा वेळ काही नाही, परत धप्प. एखादी आकृती धुक्यातून यायची, चेंडू पुढे द्यायची आणि परत आत जायची. पंधरा-सोळा माणसं पळत होती, पण कुणी ओरडत नव्हतं. "दे", "सोड", "मागं बघ", काही नाही. फुटबॉलमध्ये कुणी ओरडत नाही हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडे मयतीलासुद्धा यापेक्षा जास्त आवाज असतो.

मग जर्सी वाटल्या. नव्याकोऱ्या, केशरी. दहा नंबरची जर्सी पिशवीत खालीच राहिली होती. एका नेपाळ्याने ती काढली, बघितली आणि शेजारच्याला दिली. शेजारच्याने त्याच्या शेजारच्याला दिली. अशी ती पाच-सहा हातांतून फिरली आणि शेवटी दाजींनी ती घडी घालून पिशवीत ठेवली. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या उकाड्यात.

सराव संपल्यावर आम्ही दोघं कडेला करक, म्हणजे इकडचा वेलदोड्याचा कडक चहा पीत बसलो. दाजी तब्येतीने ठणठणीत, घामाने निथळलेले.

"पावणं, एक विचारायचं हुतं," ते म्हणाले. "लुसैलला ट्रामच्या देखभालीच्या कामात एक जागा मिळालीया. पगार जरा कमी हाय, पण म्हणत्यात काम कायमचं हाय. रविवारपर्यंत सही करा म्हणत्यात. काय करू?"

"इथं काय वाईट चाललंय?"

"वाईट काय न्हाई. ओव्हरटाइम तेवढा बंद झालाय. साहेब म्हणतोय नवीन काम येतंय." चहा फुंकत ते हसले. "तुमची यादी शनिवारी लागणार न्हवं? त्यात आमचा नंबर कितवा येतोय बघतो आणि ठरवतो."

"दाजी, ती फुटबॉलची यादी आहे, पत्रिका नव्हे," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी फुटबॉलची. आमच्या कॅम्पात सगळी तीच वाट बघाय लागल्यात."

मी हसण्यावारी नेलं. हे इथे कबूल करतो, कारण ते ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघत होते ते मला दिसलं होतं.

शनिवारी दुपारी कामावरून आल्यावर मी कागद घेतला. पहिले आमच्याच कॅम्पाचे, म्हणजे आम्ही. तेव्हा आमच्यात पेनल्टीवरून मारामारी व्हायची वेळ आली होती, त्यामुळे शंकाच नव्हती. मग बसड्रायव्हर, मग बाकीचे. सातव्या जागेपर्यंत सगळे बसले आणि आठवी जागा मोकळी राहिली. तिथे एकच संघ लिहायचा होता.

दोन दिवस आधी त्यांच्या कॅम्पातून आमच्याकडे एक काम आलं होतं, तेही मला त्या क्षणी आठवलं. वरच्या मजल्यावरचे बावीस एसी बंद करून तोंडं टेपने चिकटवा, असं. वरचा मजला कशाला बंद करतात, हे न कळण्याइतका मी बावळट नाही.

पण हात चालेना. जावयाचा संघ शेवटचा? साऱ्या कॅम्पांतून तो फोटो फिरणार, बहिणीच्या सासरी पोचणार. तिची सासू म्हणणार, तुझ्या भावानंच आमच्या पोराला सगळ्यांच्या खाली बसवलं. आमच्याकडे जावयाला जेवायला वाढताना पाट जरा वाकडा लागला तरी वर्षभर बोलणी खावी लागतात. जावई हा दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. आणि दुसरंही एक होतं, ते जास्त खरं आहे. मला त्या कागदाची भीती वाटायला लागली होती. आठव्या जागी लिहिलं की माणसं जातात, तर नको लिहायला. वर लिहिलं तर कदाचित राहतील. चाळीस वर्षांचा माणूस, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन पोट भरणारा, आणि असला विचार करत बसलो होतो.

मी स्कॅफोल्डिंगवाल्यांना दुसऱ्या जागेवर चढवलं आणि बाकीचे एकेक खाली सरकवले. कागद बोर्डावर लावला. संध्याकाळी दाजींचा फोन आला. मागे त्यांच्या खोलीतले लोक आरडाओरडा करत होते, कुणीतरी ताट वाजवत होतं.

"नाद खुळा, पावणं! दुसरा नंबर! आता कशाला जातोय लुसैलला?"

"बघा, तुमचं तुम्ही विचार करून ठरवा," मी म्हणालो. माझ्या तोंडातून एवढंच निघालं.

रविवार गेला. त्यांनी सही केली नाही.

आणि मग नवल झालं. स्कॅफोल्डिंगवाले जिंकायला लागले. पहिला सामना चार-शून्य, दुसरा तीन-एक, तिसऱ्यात तर बसड्रायव्हरांना त्यांनी पाच घातले. मी तिन्ही सामने बघितले. तसेच गप्प खेळत होते. गोल झाला की कुणी कुणाला मिठी मारत नव्हतं, चेंडू उचलून मध्यभागी ठेवायचे आणि आपापल्या जागी जाऊन उभे राहायचे. बघणारे टाळ्या वाजवायचे आणि टाळ्या आपोआप विरून जायच्या. लोक मला येऊन म्हणायचे, तुझी यादी म्हणजे पक्की. मीही मनाला पटवलं, की यंदा माझा अंदाज चुकला होता आणि खोटं लिहिलेलंच खरं निघालं. खोटं बोलून जमून गेलं की माणूस केवढा खुशीत असतो! मी बहिणीला फोन करून सांगितलं, तुझे मालक डावीकडून असे सुटतात की बघत राहावं.

चौथ्या शुक्रवारी सामना आमचा आणि त्यांचा होता. सकाळी सातला. धुकं इतकं दाट होतं की आमच्या गोलातून पलीकडचा गोल दिसत नव्हता. आम्ही अकरा जण मैदानात उतरलो, चाचा घड्याळ बघत मध्ये उभे राहिले. समोरचे आले नव्हते. त्यांची बस नेहमी उशिरा येते म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. सव्वासात झाले. रस्त्यावर कुठल्या गाडीचा आवाज नव्हता.

चाचांचा एक नियम आहे आणि तो त्यांनी कुणासाठी मोडलेला नाही. समोरचा संघ पंधरा मिनिटांत आला नाही तर नुसता वॉकओव्हर लिहून घ्यायचा नाही. हजर संघाने जागेवर उभं राहायचं, शिट्टी झाली की चेंडू सुरू करायचा, मोकळ्या गोलात मारायचा आणि मगच सामना संपला. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "न आलेल्याला पण खेळून हरवायचा. नायतर तो त्याचा अपमान."

त्यांनी शिट्टी वाजवली. मी कॅप्टन, म्हणून चेंडू माझ्याकडे. मी चालायला लागलो. पळायचं कारणच नव्हतं. माझ्या दोन्ही बाजूंनी आमची पोरं येत होती. मध्यरेषा ओलांडली आणि माझ्या लक्षात आलं, की कुणी सरळ चालत नाही. आमचा फॉरवर्ड एका जागी थांबला, अंग चोरून बाजूने गेला. दुसऱ्याने मागे वळून बघितलं, जणू त्याला कुणी घासून गेलं होतं. मी स्वतः चेंडू डावीकडे घेतला. सरळ गोल समोर असताना मी लांबून, डावीकडच्या रेषेजवळून वळसा मारला, आणि गोलपाशी पोचल्यावर कळलं की त्यांच्या डाव्या बॅकची, म्हणजे दाजींची, बाजू तेवढी मी चुकवली होती. मी चेंडू ढकलला. जाळीला लागून तो थांबला. चाचांनी शिट्टी वाजवली आणि वहीत एक-शून्य लिहिलं.

बॅगेतल्या फोनवर सात मिस्ड कॉल होते. मी लावला.

"खलास, पावणं," दाजी म्हणाले. "काल रात्री लई उशिरा सगळ्यांना बोलावून सांगितलं. कंपनी बंद. आज कुणाला बाहेर सोडत न्हाईत, कागदांवर सह्या चालल्यात."

"लुसैलची जागा?"

"ती भरली. मघाशीच फोन करून विचारलं."

माणसं एकदम गेली नाहीत. रोज एक बस विमानतळाकडे जायची, रोज काही खोल्या रिकाम्या व्हायच्या. मी दुसरीकडेही हातपाय मारले, ओळखीच्या चार सुपरवायझरांच्या मागे लागलो. सगळे म्हणाले, दोन महिने आधी सांगायचं होतंस. दहा दिवसांनी त्या कॅम्पाचं शेवटचं काम आलं आमच्याकडे, आणि मी साहेबाला म्हणालो मीच जातो.

भर दुपारी पोचलो. फाटकावर सिक्युरिटीवालासुद्धा नव्हता. आत पाऊल टाकलं तर सगळा कॅम्प घुमत होता. माणसं निघून गेली होती आणि एसी बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वरचा टेप लावलेला मजला सोडला तर शंभरावर रिकाम्या खोल्या, सगळ्या सताड उघड्या, सगळ्या सोळा डिग्रीवर गार. मी एकेक बंद करत चाललो. एका खोलीत दोरीवर केशरी जर्सी वाळत होत्या, वाऱ्याने हलत होत्या. तो एसी बंद केला तशा त्या एकेक करून थांबल्या. मी मागे न बघता बाहेर आलो. एकीकडे आवाज कमी कमी होत होता आणि मला आपल्याच बुटांचा आवाज मोठा ऐकू यायला लागला.

दाजी त्या बंद मजल्याच्या खालच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत होते. त्यांची बस संध्याकाळी पाचला. बॅग बांधून पलंगावर बसले होते. खोलीत सहा पलंग, पाचांच्या गाद्या गुंडाळलेल्या. मी समोरच्या पलंगाच्या पत्र्यावर टेकलो. मग सगळंच बोलून टाकलं. जर्सी हातोहात फिरली ते, बावीस एसींचं, आठवी जागा कशी मोकळी राहिली होती ते. मी म्हणालो, "मला दिसलं होतं, दाजी. दिसलं असून मी लिहिलं नाही."

त्यांनी बॅगेचं कुलूप एकदा ओढून बघितलं.

"मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. "आमी दुसरं नव्हतो, हे आमच्यातल्या सगळ्यांस्नी ठावं हुतं. पण तुमी लिवलं म्हणल्यावर वाटलं, पावण्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतंय."

"तुमचा मान राखायचा म्हणून केलं."

"राखला की. गावाकडं सगळ्यांनी बघितला फोटो. आई चार घरांत दाखवून आली." ते हसले, पण डोळे माझ्याकडे नव्हते. "आठवा लिवला असता तर लई राग आला असता मला, पावणं. सहा महिनं तुमच्याशी बोललो नसतो. बहिणीलाबी बोलू दिलं नसतं."

मी मान हलवली.

"पण लुसैलला गेलो असतो," ते म्हणाले.

मला रडू आलं. चौदा वर्षांत या देशात मी कुणासमोर रडलो नव्हतो. दाजींनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहान असून. "चला, उठा," म्हणाले, "या खोलीचा एसी राहिलाय तुमचा."

मी डोळे पुसले आणि उठून तो बंद केला. मग त्यांची बॅग उचलली, आणि आम्ही दोघं जिना उतरून फाटकाशी बसची वाट बघत उभे राहिलो.